अस्वलाच्या वाटेने बाग-ए-आम

हैदराबादच्या बाग-ए-आमला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बागेला, कसे जावे, याविषयी आमच्या कळमनुरी तालुक्यात जे सांगितले जाते ते चूक आहे. हिंगोलीच्या एका प्राध्यापकांनी काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात लिहिले की काचीगुडा स्टेशनावर उतरावे, बाहेर शहर बस धरावी आणि पाऊण तासाने बागेशी उतरावे. त्या लेखाचे कात्रण आमच्या तांड्यावरच्या वाचनालयात अजून डकवलेले आहे. प्राध्यापक खोटे लिहितात असे मी म्हणत नाही. ते स्वतः तसेच गेले असतील. परंतु एखादा मनुष्य एका दाराने घरात शिरला, एवढ्यावरून त्या घराला दुसरे दार नाही असे ठरत नाही. मी लहानपणापासून सांगत आलो की बाग स्टेशनासमोर आहे. ते कात्रण लागल्यापासून मी तसे म्हटले की लोक एकमेकांकडे पाहून हसत.

हसण्याचे मला विशेष वाटत नाही. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेल्या माणसाची पाठ हसण्याला सरावलेली असते. पण या स्टेशनाच्या प्रश्नाला माझ्या वडिलांची अब्रू बांधलेली होती.

माझे वडील हेमला नायक हे तांड्याचे प्रमुख. आमचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. वडिलांच्या हयातीत ते सरून शेती आली होती, तरी नायकाच्या शब्दाचे वजन जुनेच होते. निजामाच्या राज्यात, मी सात वर्षांचा असताना, पैनगंगेकडच्या रानात सरपणाला गेलेल्या बायकांना अस्वलाचे एक पोरके पिल्लू सापडले. तहसीलदारसाहेबांचा हुकूम आला की ते हैदराबादला बाग-ए-आममध्ये पोचते करावे. त्या काळी तिथे जनावरांचे पिंजरे होते. पिल्लू माझ्याच हातचे खाई, म्हणून वडिलांनी मला बरोबर घेतले. धाकटे चुलते थावरा काका खोके उचलायला पूर्णेपर्यंत आले आणि तिथून परतीच्या गाडीने माघारी गेले.

यापुढे दोन वृत्तान्त आहेत. माझा वृत्तान्त असा की वडिलांनी पिल्लू बागेत नेऊन दिले. काकांचा असा की हेमला नायकाने पूर्णेच्या फलाटावर ते एका अस्वलवाल्या दरवेशाला विकले आणि हुकूम करणाऱ्याला व तांड्याला, दोघांनाही फसवले. काका वारले, आणि ही गोष्ट त्यांचा मुलगा धनसिंग याच्याकडे वारशाने आली. धनसिंग माझ्याहून चार वर्षांनी लहान. म्हणजे त्या वेळी तो तीन वर्षांचा होता आणि घरी पाळण्याशी खेळत होता. तरी गोष्ट सांगतो ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी. मी प्रत्यक्ष तिथे होतो, असे म्हटले की तो म्हणे, “भिया, तुमी लेकरू व्हते. झोपले असाल. अन् बाग टेशनासमोर हाय म्हनता, मंग गेलेच कुठं तुमी?” भिया म्हणजे आमच्या बोलीत भाऊ.

यंदा तांड्यातल्या शिकलेल्या पोरांनी तांड्याच्या इतिहासाची पुस्तिका काढायचे ठरवले. काम अविनाश या तरुण शिक्षकाकडे होते. तो माझाच विद्यार्थी.

“गुरुजी, दोनी गोष्टी छापतो. वाचणारे ठरवतील,” तो म्हणाला.

“माझा बाप चोर होता का नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं?” मी विचारले.

“मग पुरावा आणा. होळी झाली की मजकूर नांदेडला छापायला जातो.”

धनसिंग तिथेच बसला होता. “मी बी येतो संगं,” तो म्हणाला. “एकले जाऊन आले तर काय बी सांगत बसाल.” त्याची मुलगी हैदराबादला दिलेली आहे. तिचा एक नवस फेडायचा राहिला होता आणि त्यासाठी तांड्यातलाच कोंबडा लागणार होता. अशा रीतीने आम्ही तिघे निघालो: मी, धनसिंग आणि टोपलीत बसवलेला, काळ्या शेपटीचा एक तांबडा कोंबडा.

हिंगोली

कळमनुरीहून हैदराबादला जाणारा शहाणा माणूस नांदेडला जातो. धनसिंगाने मला हे कळमनुरीच्या बसस्थानकावर तीनदा सांगितले.

“नांदेडहून गाडी सरळ हाय. काहून उलटं हिंगोलीला जाऊन राहिलो आपून?”

“माझे बापू हिंगोलीहून गेले म्हणून.”

“त्यायच्या वक्ताला नांदेडची सडक बराबर नसंल.”

“पुरावा आणायला जाताना वाट आपल्या सोयीची धरता येत नाही,” मी म्हणालो. तो गप्प बसला. पटले म्हणून नव्हे, बस लागली म्हणून.

फेब्रुवारी संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा सोंगून झालेला, ज्वारी उभी आणि बांधांवर पळस पेटलेला. वडिलांनी हीच वाट बैलगाडीने, एक पूर्ण दिवस घेऊन काटली होती. आम्हांला तासही लागला नाही. वाहकाने टोपलीत डोकावून विचारले, “याचं तिकीट?”

“नवसाचा हाय,” धनसिंग म्हणाला.

“मंग देवाच्या खात्यात बसू द्या.”

हिंगोली आता जिल्ह्याचे गाव झाले आहे, पण तिथल्या स्टेशनातून अजून अरुंद रुळांची गाडीच धावते. ती किती जोराने धावते, हे प्रवाशाने विचारू नये. डब्यात दोन शेळ्या होत्या, एक सायकल होती, कोथिंबिरीचे भारे होते. आमच्या कोंबड्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचे जनावरही निघते, ही रीतच आहे. ती सगळीकडची आहे असे आम्ही दोघेही गृहीत धरून चाललो होतो.

पूर्णा

पूर्णेला दुपारी उतरलो. पूर्वी अरुंद रुळांची गाडी इथून पुढे थेट हैदराबादपर्यंत जाई. आता पुढचे रूळ रुंद झाले आहेत आणि गाडी बदलावी लागते. फलाटाच्या टोकाला एका झाडाखाली आम्ही भाकरी सोडली. ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, कांदा. धनसिंगाने पहिला घास कोंबड्याला घातला आणि दुसरा हातात धरूनच तो बोलू लागला.

“हे बघा भिया. इथंच. माझा बाप परतीच्या गाडीत बसलेला, गाडी हलली, अन् त्यानं खिडकीतून पायलं. पिल्लू दरवेशाच्या हातात. हेमला काका समोर बसलेले.”

“इथं दरवेशी नव्हताच,” मी म्हणालो.

हे वाक्य मी साठ वर्षे म्हणत आलो आहे आणि त्या दिवशीही ठामपणे म्हटले.

“न्हाई कसा? माझा बाप काय येडा व्हता?”

“वेडा नव्हता. लांबून पाहत होता.”

“तुमी जवळून पायलं, अन् तुमाला टेशन कोन्तं ते बी आठवत न्हाई!”

शेजारी बसलेल्या एका बाईने पोराला झोपवता झोपवता आम्हांला विचारले, “म्हातारबा, जमिनीचं भांडण हाय का?”

“न्हाई माय,” धनसिंग म्हणाला, “अस्वलाचं.” तिने पोराला उचलले आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

रात्रीची गाडी मिळाली आणि पुढचा प्रवास बसल्या जागी झोपेत गेला. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

सिकंदराबाद

आमच्या पट्ट्यातल्या लोकांना हैदराबादचे स्टेशन म्हणजे काचीगुडा. आमची अरुंद रुळांची गाडी तिथेच संपत असे, म्हणून शहरही तिथेच सुरू होते असा आमचा समज. मी मात्र धनसिंगाला काचीगुड्याच्या आधीच, सिकंदराबादला उतरवले. माझ्या आठवणीत वडील खोके खांद्यावर घेऊन एका गाडीतून उतरले होते आणि दुसऱ्या, फार मोठ्या गाडीत चढले होते. त्या गाडीच्या बाकावर मी बसलो तर माझे पाय समोरच्या बाकाला पोचले नव्हते, आणि आमच्या गाडीत ते पोचत. ही गोष्ट मी तांड्यावर सांगे तेव्हा लोक म्हणत, लेकराला सगळेच मोठे दिसते.

पण ती मोठी गाडी कुठे जात होती आणि वडील तीत का चढले, हे मला स्वतःलाही माहीत नव्हते. त्यामुळे सिकंदराबादच्या बाहेर उभे राहून मी शेवटी तेच केले जे प्राध्यापकांनी लिहिले होते. शहर बस विचारली.

बस आली. मी चढलो. धनसिंग टोपलीसकट पायरीवर चढला आणि नेमका तेव्हाच कोंबडा आरवला. सिकंदराबादेतल्या सकाळच्या त्या गोंगाटातही तो सर्वांना ऐकू गेला.

“ओ चचा!” वाहक ओरडला. “मुर्गा लेको नक्को चढो! उतरो, उतरो.”

“नवसाचा हाय,” धनसिंग म्हणाला. आमच्याकडे या दोन शब्दांवर सगळी दारे उघडतात.

“क्या साचा?”

“मन्नत का है,” मी शाळेत शिकलेल्या उर्दूत खुलासा केला.

“तो पैदल ले जाव, सवाब ज्यादा मिलता.”

पुण्याच्या या हिशोबावर सगळी बस हसली. आम्ही उतरलो. दुसऱ्या बसनेही घेतले नाही. तिसऱ्या बसचा वाहक तर लांबूनच हात हलवू लागला. मी धनसिंगाला म्हणालो की कोंबडा आधी मुलीकडे पोचता कर, बाग उद्या पाहू. तो म्हणाला, “म्हंजे मी तिकडं गेलो की तुमी इकडं पुरावा तयार कराल.” साठ वर्षांच्या अविश्वासापुढे युक्तिवाद चालत नाही. आम्ही एका केळीवालीच्या गाड्याशेजारी उभे राहिलो.

केळीवाली म्हातारी होती. तिने आधी कोंबड्याला केळ्याचा तुकडा घातला, मग आम्हांला एकेक केळे देत विचारले, “किधर जाना?”

“बाग-ए-आम.”

“बस में नई लेते जनावर. कब्बीच नई लिये, मेरे बचपन से. अंदर जाव, लोकल रेल में बैठो, नामपल्ली उतरो. वहाँ कोई नई पूछता. टेसन के बाहर आये तो बाग सामनेइच है.”

मी केळे हातात धरून उभाच राहिलो.

हे मी विस्ताराने लिहितो, कारण यावर सर्व अवलंबून आहे. हैदराबादला एकच स्टेशन नाही. काचीगुडा वेगळे आणि नामपल्ली वेगळे. नामपल्लीला रुंद रुळांची गाडी जाते. आमच्या अरुंद रुळांवरून निघालेला मनुष्य तिथे आपोआप कधीच पोचत नाही. त्याला सिकंदराबादला मुद्दाम उतरून, मुद्दाम गाडी बदलावी लागते. माझ्या वडिलांनी ती बदलली. शहरात बस त्या काळीही होत्या आणि रिकाम्या हाताने आलेल्या खेडूताला बस किंवा स्वतःचे पाय पुरे होते. पण ज्याच्या खांद्यावर भोके पाडलेले लाकडी खोके आहे, त्या खोक्यात काहीतरी पंजा चोखत गुणगुणते आहे, आणि ज्याला तीन वाहकांनी हात हलवून परत पाठवले आहे, तो मनुष्य स्टेशनात मागे फिरतो आणि बागेच्या सर्वांत जवळच्या स्टेशनाची गाडी धरतो. पूर्णेला विकलेल्या अस्वलासाठी कोणी सिकंदराबादला गाडी बदलत नाही.

हे सर्व मी धनसिंगाला तिथेच, केळीवालीसमोर सांगितले. त्याने लगेच दुसरी वाट काढली.

“पिल्लू इकून रिकामं खोकं आनलं असंल.”

“रिकाम्या खोक्याला बसवाला अडवत नाही.”

“शहर पाहायला आले असतील.”

“हुकूम मोडून, त्याच बागेच्या दाराशी?”

त्याने टोपली या हातातून त्या हातात घेतली. “चला, पयले तर नामपल्ली पाहू,” तो म्हणाला. “टेशनासमोर बाग असंल तर बोलू.”

नामपल्ली

लोकलमध्ये कोंबड्याला कोणी विचारले नाही. अर्ध्या तासाच्या आत आम्ही नामपल्लीला उतरलो. स्टेशनाच्या दारात धनसिंग थांबला, त्याने समोर पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला.

समोर रस्ता होता. रस्त्यापलीकडे दुकाने होती. बाग नव्हती.

“कुठं हाय?” त्याने विचारले.

मी एका चहावाल्याला विचारले. त्याने उजवीकडे हात केला. “बस, सामनेइच.” धनसिंगाने मनगट वर करून घड्याळ पाहिले आणि आम्ही चालू लागलो. वळणानंतर भिंत लागली, भिंतीमागे मोठी जुनी झाडे, आणि मग फाटक.

“सात मिन्टं,” तो म्हणाला.

“समोर म्हणजे दाराला दार लावून, असं मी कधी म्हटलं नव्हतं.”

“तुमी म्हनले, टेशनासमोर. साठ वर्स म्हनले. सात मिन्टं समोर व्हत न्हाईत भिया.”

बाग-ए-आमविषयी मला थोडेच सांगायचे आहे, कारण तिची वर्णने पुष्कळांनी केली आहेत आणि त्यांत चुका कमी आहेत. प्रशस्त आहे. कमळांचे तळे आहे, पांढरी मशीद आहे, निजामाच्या काळच्या देखण्या इमारती आहेत आणि सावलीत निवृत्त माणसे हात मागे बांधून फिरत असतात. आमच्याकडे झाड लावायचे ते फळासाठी किंवा बैल बांधण्यासाठी. नुसते खाली बसण्यासाठी इतकी झाडे कोणी राखून ठेवील, हे धनसिंगाला पटेना. “याच्यात किती कापूस आला असता,” एवढेच त्याने म्हटले.

पिंजरे कुठेच नव्हते. पाला गोळा करणाऱ्या एका माळ्याला मी विचारले. तो पन्नाशीचा असेल.

“था ना,” तो म्हणाला. “शेर था, चीता था, सब था. मेरे बचपन में उठाके दूसरी जगा ले गए. मेरे अब्बा इधरिच काम करते थे.”

“भालू?”

“भालू भी था.” त्याने झाडांच्या एका गर्दीकडे झाडू दाखवला. “उधर. अब्बा बोलते थे, एक भालू था, गुड मंगता था. गुड दिखाव तो खडा हो जाता.”

ते आमचेच अस्वल होते असे मी म्हणत नाही. गूळ सगळ्याच अस्वलांना आवडत असेल. पण धनसिंग त्या झाडांकडे गेला, टोपली खाली ठेवली आणि तिथल्या बाकावर बसला. मी चहा घेऊन आलो. दाट, गोड, इराणी चहा, आणि सोबत खारटगोड बिस्किटे, जी चहात बुडवल्यावर लगेच काढावी लागतात. त्याचे बिस्किट बुडाले. त्याने ते काढायचा प्रयत्नही केला नाही.

“मंग माझा बाप खोटा व्हता म्हना,” तो म्हणाला.

मी उरलेली बिस्किटे त्याच्याकडे सरकवली. त्याने ती पाहिलीही नाहीत.

“मरताना बी म्हनत व्हता, म्या माझ्या डोळ्यानं पायलं. सेवालाल महाराजांची आन घेऊन सांगत व्हता. अन् छापून येईल की थावरानं भावावर झूट रचलं.”

मी पुरावा आणायला निघालो होतो आणि पुरावा मिळाला होता. तो मिळाल्यावर समोरच्या माणसाचे काय होते, हे मी निघताना मनात आणले नव्हते. आणि इथे मला एक गोष्ट लिहिणे भाग आहे, जी मी पूर्णेच्या भागात लिहिली नाही.

पूर्णेच्या फलाटावर दरवेशी होता.

“हिंगोलीपासून पिल्लू काहीच खात नव्हतं,” मी धनसिंगाला सांगितले. “माझ्या हातचंसुद्धा. गाडीला भ्यालं होतं. फलाटावर एक दरवेशी बसला होता, त्याचं मोठं अस्वल शेजारी. त्यानं पिल्लू मागितलं, हे खरं आहे. बापू नाही म्हणाले. मग बापूंनी त्यालाच विचारलं की हे खात का नाही. त्यानं खोकं उघडायला लावलं, पिल्लू मांडीवर घेतलं, तोंड उघडून पाहिलं, आणि गुळाच्या पाण्यात फडकं भिजवून त्याला चोखायला दिलं. त्याच वेळी काकांची गाडी सुटली.”

“अन् मंग?”

“मग त्यानं पिल्लू परत खोक्यात ठेवलं. ते काकांना दिसलं नाही. त्यांची गाडी गेली होती.”

धनसिंगाने कप खाली ठेवला. “म्हंजे माझ्या बापानं पायलं ते खरं.”

“पाहिलं तेवढं खरं.”

“हेमला काकानं माझ्या बापाला काहून न्हाई सांगितलं?”

“भावानं आपल्यावर संशय घेतला, याचा राग. नायक खुलासा देत नसतो, असं ते म्हणत.”

“अन् तुमी? तुमी काहून न्हाई सांगितलं?”

याला माझ्याकडे वडिलांइतके चांगले उत्तर नव्हते. दरवेशी होता असे कबूल केले तर निम्मे भांडण तिथेच हरलो, असे मला सातव्या वर्षी वाटले, आणि पुढे ते तपासून पाहण्याची गरज वाटली नाही. मी तसे त्याला सांगितले. कोंबड्याने टोपलीतून मान काढून बिस्किटाचा चुरा टिपला.

“साठ वर्स माझ्या बापाला खोटं पाडलं तुमी,” तो म्हणाला, “अन् माझ्या बापानं तुमच्या बापाला. उठा आता. पोरगी वाट पाहून राहिली असंल.”

तिच्या घरी जातानाही बसवाल्याने आम्हांला घेतले नाही. तीन मैल चाललो. टोपली निम्म्या वाटेपर्यंत त्याने घेतली, निम्म्या वाटेपासून मी.

तांडा

होळीच्या आठ दिवस आधी आम्ही परत आलो. अविनाश वही घेऊन वाचनालयात बसला. तिथे आणखी चार-पाच माणसे होती. ती अस्वलासाठी आली नव्हती, आम्ही परत येताना बोलत होतो की नाही ते पाहायला आली होती. मी बोलायला सुरुवात करणार, तोच धनसिंग पुढे झाला.

“लिही,” तो म्हणाला. “हेमला नायकानं अस्वल बागेत नेऊन देल्लं. पूर्णेला दरवेशी व्हता, त्यानं पिल्लाला गूळ चारला. थावरानं ते गाडीतून पायलं, अन् त्याला वाटलं इकलं. दोघं बी खरे व्हते. लिवलं का?”

“लिहिलं,” अविनाश म्हणाला. “आणि बाग, काका? गुरुजी म्हणतात तशी स्टेशनासमोर आहे का?”

धनसिंगाने माझ्याकडे पाहिले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. भिंतीवर ते कात्रण होतेच.

“सात मिनिटं चालावं लागतं,” मी म्हणालो. “तसं लिही.”